पोराला ट्विन ब्लॉक लागलाय? मग कानापुढचा सांधा असा बघत राहा

वरचे दात पुढे आणि हनुवटी मागे असलेल्या मुलांना दात सरळ करणारे ऑर्थोवाले डॉक्टर बऱ्याचदा ट्विन ब्लॉक सांगतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये काढलेली ही जोडक्लिप, एक वर एक खाली, आणि दोन्हींवरचे तिरके ठोकळे एकमेकांना असे अडतात की तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे आणावाच लागतो. मग आठवडाभरात पोरगं म्हणतं कानाजवळ दुखतंय, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच की काढून टाका ते, जबडा निखळेल. तर आधी नीट समजून घ्या.

कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडा, हलतं ते खालच्या जबड्याचं गोल टोक. कवटीच्या खोबणीत ते बसतं आणि मधे एक लवचिक चकती असते, हाच तो सांधा. ब्लॉक घातला की हे टोक खाली आणि पुढे येऊन राहतं, वाढीच्या वयात तिथलं हाड हळूहळू नव्याने घडतं आणि खोबणीही थोडी बदलते. पण खरं सांगायचं तर जबडा लांबच लांब वाढतो असं काही नाही हां, दिसणारा बराचसा फरक दात सरकल्याचा असतो. हाडात जो थोडा बदल होतो तो वाढीच्या वयातच, म्हणून वयाला महत्त्व, मुलींमध्ये साधारण १० ते १२ आणि मुलांमध्ये १२ ते १४, वाढीचा जोर असतो तेव्हा. डॉक्टर डोक्याचा बाजूने एक्सरे काढून मानेचे मणके बघतात ते त्यासाठीच.

क्लिपचं माप द्यायच्या आधीच सांधा तपासून घ्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच राहून जातं. मुलाला त्याचीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमधे घालायला सांगा, जात असतील तर तोंड ठीक उघडतंय. आरशासमोर हळू उघडायला लावा, हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला ओढली जाते ते बघा. लहानपणी हनुवटीवर आपटला होता का, टाके पडले होते का, सकाळी जबडा किंवा गुडघे आखडतात का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. कारण मार लागून सांध्याला इजा झालेली असली किंवा मुलांमधला संधिवात असला तर हनुवटी त्यामुळेच मागे राहू शकते, वरून काही दुखतही नाही, आणि अशा वेळी आधी सांध्याचा विचार करायचा, क्लिप नंतर. सांध्यातून टक् आवाज आधीपासून येत असेल तर तोही केसपेपरवर लिहून घ्या, नाहीतर पुढे सगळं खापर क्लिपवर फुटतं.

लावल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे स्नायू दुखणारच. मऊ वरणभात, उपमा, खिचडी द्या, चिक्की, ऊस, मक्याचं कणीस बंद, आणि गालावर कोमट शेक दहा-पंधरा मिनिटं. क्लिप मात्र गरम पाण्यात धुवू नका, वाकडी होते. दुखतंय म्हणून दिवसा काढायची आणि रात्री घालायची असं स्वतःच्या मनाने सुरू करू नका, डॉक्टरांनी जेवताना पण ठेवायला सांगितली असेल तर ठेवायची, कारण रोज पुढे-मागे, पुढे-मागे केलं की स्नायूंना सवयच लागत नाही आणि दुखणं लांबतं. फारच ताण येत असेल तर जबडा एकदम पुढे न आणता दोन टप्प्यात आणता येतो, विचारा डॉक्टरांना.

नुसता टक् आवाज, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, एवढ्यावर घाबरू नका, क्लिप न लावलेल्या कितीतरी लोकांचा सांधा वाजतो. पण तोंड अडकलं, तीन बोटं जाईनाशी झाली, किंवा दोन आठवड्यांनंतरही दुखणं वाढतंच आहे तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. आणि सांधा आधीच दुखत असलेल्या कोणाला कोणी म्हणालं की क्लिपने तो हमखास बरा होतो, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. दात सरळ करण्याच्या ट्रीटमेंटने सांध्याचं दुखणं ना होतं ना जातं, असंच सर्वसाधारण मत आहे.

सहा-नऊ महिन्यांनी दात छान जुळलेले दिसले की एक टेस्ट घरी करा. क्लिप काढून मुलाला जिभेचं टोक टाळूला लावून जितकं मागे नेता येईल तितकं न्यायला सांगा आणि तसंच हळूच दात मिटायला सांगा. बऱ्याच मुलांना जबडा पुढे धरून चावायची सवय झालेली असते, क्लिनिकमध्ये सगळं परफेक्ट दिसतं आणि जीभ मागे नेली की जबडा परत चार मिलिमीटर मागे. तसं झालं तर क्लिप बंद करू नका, व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा अजून काही महिने घालायला सांगतात.