बोटीवर राहायला ब्रिटनला निघण्यापूर्वी या चुका टाळा

ब्रिटनमधील कालव्यांच्या काठाला बांधून ठेवलेल्या अरुंद, लांबलचक नॅरोबोटींवर हजारो माणसे बारा महिने राहतात. लंडनची घरभाडी पाहिल्यावर नोकरीनिमित्त तिकडे निघालेल्या आपल्याकडच्या काही जणांनाही हा पर्याय खुणावतो, आणि नीट तयारी केली तर तो खरोखरच चांगला आहे. मात्र पुण्यातून किंवा नाशिकमधून निघणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष बोट कोणती घ्यावी याकडे असते आणि बाकीची कामे ‘तिकडे गेल्यावर बघू’ या सदरात पडतात. नेमके इथेच चुकते, कारण फिरत्या बोटीला पत्ता नसतो. उरलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट, मग ती बँक असो, पासपोर्ट असो, प्राप्तिकर असो किंवा मुखत्यारपत्र, पत्ता, चालू मोबाइल क्रमांक किंवा तुमची प्रत्यक्ष हजेरी यांपैकी काहीतरी मागते. या तिन्ही गोष्टी तुमच्यापाशी एकाच वेळी असतात त्या घर सोडण्यापूर्वीच्या महिन्यांतच.

पत्त्याचा प्रश्न बोट घेतल्यानंतरवर ढकलणे

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे 2,000 मैलांचे कालवे आणि नद्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार बोटीचा परवाना मिळण्यासाठी एक तर बोट बांधायची कायमची जागा, म्हणजे होम मुरिंग, दाखवावी लागते, नाहीतर बोट खऱ्या अर्थाने प्रवासात ठेवावी लागते आणि सर्वसाधारणपणे एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. दुसरा पर्याय स्वस्त दिसतो म्हणून अनेक जण तोच धरून चालतात. परंतु दर पंधरवड्याला बोट हलवायची आणि शिवाय रोज ठरावीक कार्यालयात पोहोचायचे, हे वेळापत्रक नकाशा समोर ठेवून आधी मांडून पाहिले पाहिजे. थोड्याशा अंतरात मागेपुढे करत राहणे ट्रस्ट ग्राह्य धरत नाही. एप्रिल 2024 पासून अशा फिरत्या बोटींच्या परवान्यावर अधिभारही लागू झाला आहे.

होम मुरिंग घेतली तरी सावध राहावे. बहुतेक मरीनांमधील, म्हणजे बोटी उभ्या करण्याच्या तळांवरील, जागा केवळ हौशी वापरासाठी असतात. तिथे कायम राहण्याची किंवा तो पत्ता टपालासाठी वापरण्याची परवानगी नसते. निवासी मुरिंगला नियोजन परवानगी लागते, ती संख्येने कमी आणि महाग असते, आणि तिच्यावर कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक करही लागू शकतो. करारात ‘निवासी’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला नसेल, तर विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

स्किल्ड वर्कर व्हिसावर जाणाऱ्यांच्या बाबतीत मालकाला कर्मचाऱ्याचा राहण्याचा पत्ता नोंदवून ठेवावा लागतो. म्हणून बोटीवर राहण्याचा विचार कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी आधी, लेखी बोलून घ्यावा. टपालासाठी एखादा नातेवाईक किंवा टपाल पुढे पाठवणारी सशुल्क सेवा ठरवावी आणि पहिले काही महिने साध्या भाड्याच्या खोलीत काढावेत. त्या काळात बँक खाते आणि नोकरी व करासाठी लागणारा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक ही कामे उरकून घेता येतात. दवाखान्याची मात्र धास्ती नको. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतील स्थानिक डॉक्टरकडे, नाव नोंदवण्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, आणि स्वागतकक्षात कोणी मागितलाच तर हा नियम नम्रपणे दाखवून देता येतो.

पासपोर्टची मुदत न पाहणे

पासपोर्टची मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नवीन पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. तुमची मुदत या टप्प्यात असेल, तर व्हिसाच्या अर्जापूर्वीच नवा पासपोर्ट काढून घ्यावा. ब्रिटनमधून तोच अर्ज करताना तिथल्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि बोटीच्या नावाने वीजबिल येत नाही. शिवाय आता व्हिसा डिजिटल झाला असून तो पासपोर्टशी जोडलेला असतो. मध्येच पासपोर्ट बदलला की तिथल्या ऑनलाइन व्हिसा-खात्यातील नोंदही बदलावी लागते.

मुखत्यारपत्र न करता विमानात बसणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. घर बंद ठेवायचे असो की भाड्याने द्यायचे असो, सोसायटीची सभा, मिळकतकर, महावितरणचे बिल, गळकी टाकी आणि भाडेकरूचा करार यांसाठी कोणीतरी कायदेशीर अधिकार असलेले माणूस इथे हवे. ‘दादा आहे ना, तो बघेल’ एवढ्यावर काम भागत नाही. दादाच्या हातात कागद हवा. सर्वाधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्रापेक्षा कामे नेमकी लिहिलेले मर्यादित मुखत्यारपत्र बरे: भाडेकरार करणे व नोंदवणे, कर भरणे, सोसायटीत प्रतिनिधित्व करणे, एवढेच. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल, तर तो दिलेला नाही हेही त्यात स्पष्ट लिहावे.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि नोंदणीकृत असणे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. पहिला अकरा महिन्यांचा करार तुम्ही स्वतः अंगठा लावून केला, तरी तो संपेल तेव्हा तुम्ही कालव्यातील एखाद्या लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांपाशी, बोट धरून उभे असाल. नूतनीकरणाचा अधिकार मुखत्यारपत्रात हवा तो यासाठी.

भाडेकरूलाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. मालक अनिवासी झाला की भाड्यातून करकपात करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि तिचा दर 30 टक्के अधिक उपकर असा असतो. तुमचा प्रत्यक्ष कर कमी होणार असेल, तर कमी दराच्या कपातीसाठी प्राप्तिकर विभागाकडून प्रमाणपत्र घेता येते. हे न सांगता परदेशी गेलात, तर पुढे नोटीस आल्यावर दोघांच्याही डोक्याला ताप होतो आणि चांगला भाडेकरू हातचा जातो.

जुने बचत खाते तसेच चालू ठेवणे

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनविषयक फेमा कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता, आणि नेहमीचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचे रुपयांतील खाते, करून घ्यावे लागते. ‘कोणाला कळणार आहे’ असे म्हणून ते तसेच चालवणे हा नियमभंग आहे. डीमॅट आणि म्युच्युअल फंडांची स्थितीही त्यासोबत बदलून घ्यावी. जुने पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, पुढे वाढवता मात्र येत नाही.

बोटीचे पैसे पाठवण्याचा क्रमही इथेच ठरतो. निवासी असताना एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते; वर्षभरात 10 लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर सध्या 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा करायचा कर, आधीच कापला जातो. तो विवरणपत्र भरून समायोजित होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकून पडतात आणि बोटीचा सौदा नेमका त्या रकमेसाठी अडतो. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, परंतु त्यासाठी प्राप्तिकर पोर्टलवरचा अर्ज आणि चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते. कोणता मार्ग घ्यायचा हे तिकीट काढण्यापूर्वी अकाउंटंटसोबत बसून ठरवावे.

या सगळ्याची किल्ली म्हणजे मोबाइल. रिचार्ज संपलेले प्रीपेड सिम काही महिन्यांत बंद पडते आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग ओटीपी त्याच्या फोनवर जातो. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच चालू करून, ते लागू झाल्याची खात्री करून घ्यावी. बँक, प्राप्तिकर पोर्टल, आधार, विमा आणि गॅस यांना कोणता क्रमांक जोडला आहे, याची यादी कागदावर करावी.

मृत्युपत्र आणि वारसनोंदी पुढे ढकलणे

नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असा समज फार खोलवर रुजलेला आहे. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या संदर्भात पुन्हा स्पष्ट केले की नॉमिनी हा मालक होत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्यांचे साधे मृत्युपत्र करून त्याची प्रत मुखत्याराकडे ठेवावी, आणि बोट विकत घेतल्यावर तिचाही उल्लेख असलेले नवे करावे.

बोटीचे कागद घराच्या कागदांसारखे समजणे

आपल्याकडे सातबारा किंवा इंडेक्स टू पाहण्याची सवय असते. कालव्यावरील बोटींच्या मालकीचे तसे सक्तीचे सरकारी दप्तर नाही. परवाना हा मालकीचा पुरावा नव्हे, आणि तो नव्या मालकाच्या नावे वर्गही होत नाही. नवा काढावा लागतो. त्यामुळे मागील विक्रीपत्रांची साखळी, जुनी बिले आणि बोटीवर कर्ज नसल्याचा पुरावा मागावा. केवळ छायाचित्रे पाहून पुण्यातून बयाणा कधीही पाठवू नये.

बोट सेफ्टी स्कीमचे प्रमाणपत्र चार वर्षांचे असते. ते गॅस, इंधन, वीज आणि आग यांच्या सुरक्षिततेपुरते असते; तळ शाबूत आहे की नाही याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र तपासणी करावी लागते. तपासनीस काळ्या लेपाचा नाण्याएवढा भाग खरवडतो, त्यावर पत्र्याची जाडी मोजणारे ध्वनिलहरींचे मापक टेकवतो आणि आकडा खडूने तिथेच लिहितो. नव्या बोटीचा तळ साधारण 10 मिलिमीटर आणि बाजू 6 मिलिमीटर जाडीच्या असतात. जलरेषेजवळ गंजाचे खड्डे पडून आकडा 4 मिलिमीटरच्या खाली गेला, तर संपूर्ण विमा मिळणे कठीण होते आणि पत्रा जोडण्याचा खर्च अंगावर येतो. ही तपासणी विकणाऱ्याच्या नव्हे, तर तुम्ही नेमलेल्या माणसाकडून व्हावी.

सामानाबद्दल थोडक्यात: नॅरोबोटीची रुंदी सुमारे 6 फूट 10 इंच असते, त्यामुळे फर्निचर पाठवू नये. 750 वॅटचा मिक्सर 12 व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे साठ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो. हिवाळ्यात सौर पॅनेल जेमतेम चालत असताना तो परवडत नाही. खलबत्ता, कुकर आणि कुकरच्या दोन जादा रिंगा मात्र न्याव्यात. कुकरच्या वाफेने थंडीत खिडक्यांना पाणी सुटते, तेव्हा बोटीतील हवा खेळण्याची झडप उघडी ठेवावी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कधीही काढून ठेवू नये.

निघून गेल्यावर लक्षात आले तर

मुखत्यारपत्र राहून गेले असेल, तर लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालय किंवा बर्मिंगहॅम व एडिंबरामधील वाणिज्य दूतावास यांच्यामार्फत ते साक्षांकित करून घेता येते. मूळ प्रत नोंदणीकृत कुरिअरने पाठवावी आणि ती भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. पाकिटावरील पोहोचल्याची तारीख पुरावा म्हणून जपून ठेवायला मुखत्याराला सांगावे. सिम बंद पडले असेल, तर आधी बँकेच्या अनिवासी विभागाला नोंदणीकृत ईमेलवरून लिहून परदेशी क्रमांक जोडून घ्यावा, कारण बँक सुरू झाली की बाकीची अनेक कामे नेटबँकिंगच्या आधाराने मार्गी लावता येतात. आणि पुढच्या भारतभेटीत पहिला दिवस नातेवाइकांना न देता दुय्यम निबंधक कार्यालयाला द्यावा.