‘आज तुमची बचत ६१२ रुपये’: किराणा खरेदीतल्या या चुका टाळा

मोठ्या दुकानाच्या बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ असते. ‘आज तुमची बचत ६१२ रुपये.’ आमच्या घरचं महिन्याचं वाणसामान बरीच वर्षं मीच आणतो. बायकोची नोकरी शिफ्टची, आणि मला भाव विचारायची खोड. सुरुवातीला या ओळीवर मी इतका खूश असायचो की पिशव्या खाली ठेवायच्या आधी ती वाचून दाखवायचो. एकदा आईने शेंगा सोलता सोलता विचारलं, “मग ते सहाशे रुपये आहेत कुठे?”

नव्हतेच कुठे. ती ‘बचत’ मोजलेली असते एमआरपीशी तुलना करून. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून घेता येणारी जास्तीत जास्त किंमत. त्याच्या वर एक रुपया घेणं बेकायदा, खाली कितीही चालतं. पण बहुतेक किराणा मालावर ही किंमत किती छापायची ते कंपनीच ठरवते. तूरडाळीच्या पाकिटावर २४० छापायचे, १४५ला विकायचं आणि बिलात ९५ रुपये बचत दाखवायची, यात खोटं काहीच नाही. फक्त कोपऱ्यावरचा वाणी तशीच डाळ सुटी १४० रुपयांना देत असतो आणि त्याच्या बिलावर अशी ओळ नसते.

म्हणून पहिली चूक हीच: सूट किती मिळाली ते बघणं आणि भाव काय पडला ते न बघणं. यावर उपाय जुनाट आहे. एक वही करा. सगळं लिहायची गरज नाही, दहा-बारा जिनसा पुरेत: तेल, तूरडाळ, तांदूळ, साखर, चहा, शेंगदाणे, पोहे, तूप, साबण, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर. आमच्या बिलाचा निम्म्याहून जास्त भाग एवढ्यांनीच खाल्लेला असतो. तारीख, दुकान आणि किलोचा भाव, बस. तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. आमच्याकडे असं निघालं की साबण, पावडर, टूथपेस्ट, चहा मोठ्या दुकानात खरंच स्वस्त पडतो. डाळी, पोहे आणि शेंगदाणे वाण्याकडे तेवढ्याच किंवा कमी भावात मिळतात, शिवाय डाळीत भुंगे निघाले तर तो मुकाट्याने बदलून देतो. मोठ्या दुकानाला जायचं-यायचं रिक्षाभाडंही त्याच वहीत लिहा. मी दोन वर्षं लिहीत नव्हतो.

वही जुनी असेल तर एक करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तूप आणि लोण्यावरचा १२ वरून ५ वर. त्याआधीच्या भावांवर काट मारा, नाहीतर आजचा साधा भावसुद्धा ‘ऑफर’ वाटेल.

कूपनचा पल्ला गाठायला गाडी भरणं

हे सगळ्यांनी केलेलं असतं. अ‍ॅपवर कूपन दिसतं: १४९९ च्या खरेदीवर १५० रुपये सूट. तुमच्या टोपलीत ११८० चं सामान आहे. मग ‘अजून ३१९ रुपयांची खरेदी करा’ अशी पट्टी वर नाचायला लागते. तुम्ही ३२० रुपयांचं काहीतरी टाकता, सूट मिळते, बिल १३५०. म्हणजे खिशातून १७० रुपये जास्त गेले आणि त्यात ३२० चा माल आला. हा सौदा चांगला की वाईट?

ते त्या ३२० रुपयांत काय आलं त्यावर आहे. तूरडाळ आणि भांड्यांचा साबण आला असेल, तर पंधरा दिवसांनी घ्यायचंच होतं ते निम्म्या किमतीत पडलं. मेयोनीजची बाटली आणि कसल्याशा चवीचे मखाणे आले असतील, तर १७० रुपये पाण्यात. आमच्या घरात ती बाटली फ्रिजच्या दारात आठ महिने उभी होती.

म्हणून मी ‘भरतीच्या मालाची’ वेगळी यादी ठेवतो. न नासणारं, नक्की लागणारं: मीठ, साखर, अंगाचा साबण, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, काडेपेट्या, कचऱ्याच्या पिशव्या. पल्ला गाठायचाच असेल तर यातूनच. यादीतलं घरात भरपूर असेल तर कूपन सोडून द्यायचं. (सोडताना जीवावर येतं, मान्य.)

आता ‘कूपन लागूच होत नाही’ ही तक्रार. अ‍ॅप बिघडलंय असं म्हणण्याआधी नियमांची बारीक अक्षरं उघडा. बहुतेक वेळा कारण यातलंच एक असतं. किमान खरेदी मोजताना तेल, साखर, दूध किंवा लहान मुलांचं अन्न धरलेलं नसतं, म्हणून तुमच्या हिशेबाने १६०० आणि त्यांच्या हिशेबाने १२००. किंवा कूपन फक्त नव्या ग्राहकाला असतं. किंवा ठरावीक बँकेच्या कार्डालाच. सगळ्यात चिडवणारा प्रकार असा: बँकेची ऑफर १५०० वर, आणि ती मोजतात कूपन वजा झाल्यानंतरच्या रकमेवर. टोपली १५६०ची, कूपनचे शंभर गेले की उरले १४६०, बँकेची सूट गायब. अशा वेळी दोन्हींची बेरीज करत बसू नका, एकेक लावून बघा आणि ज्यात शेवटचा आकडा कमी येतो ते ठेवा. शेवटचा म्हणजे डिलिव्हरी, हाताळणी आणि ‘छोटी ऑर्डर’ असे सगळे आकार धरून. चाळीस रुपयांच्या कोथिंबीर-मिरचीवर हे आकार मालाच्या किमतीला जाऊन भिडतात.

मोठं पाकीट, मोठा डबा

मोठं घेतलं की स्वस्त पडतं हा समज निम्माच खरा. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलिलिटरच्या हिशेबाने बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, हे कुठल्याही दुकानात उभं राहून ताडून बघा. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरांत एककाचा भाव छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्या. किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमचा असतो आणि किलोच्या वरच्यावर किलोचा, तेव्हा तुलनेआधी हजाराने गुणा. आणि तो एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानातल्या सवलतीच्या भावावरून नाही. सूट असेल तिथे स्वतःच भागाकार करावा लागतो. मोबाइल हातात असतोच.

तेलात तर हमखास फसगत होते. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, साधारण ९१० ग्रॅम. पिशव्यांमध्ये हल्ली एक लिटरच्या शेजारी ८५०, ८०० ग्रॅमच्याही दिसतात, तशाच आकाराच्या. डब्यात फरक आणखी मोठा. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण १५ लिटरच्या डब्यात जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं. समजा लिटरचा डबा २२५० रुपयांना आहे आणि किलोचा २४००. आपण दीडशे वाचले म्हणून पहिला उचलतो. किलोने भाव काढा: पहिला जवळजवळ १६५ रुपये, दुसरा १६०. एका दिवाळीला मी चकलीसाठी असाच ‘स्वस्त’ डबा आणला आणि आईने हातात उचलल्याबरोबर सांगितलं, “हा लिटरचा दिसतोय.”

वर्षाचं भरायचं, पण कसं

खरी बचत इथे असते आणि खरं नुकसानही इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो आणि तेव्हा भाव उतरलेले असतात. त्यात पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळी-पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावर नाही. म्हणजे दर महिन्याला पाच-पाच किलोची पिठाची पाकिटं आणणारा भाव, पॅकिंग आणि कर, तिन्ही भरतो. आम्ही पाच जण महिन्याला बारा-तेरा किलो गहू खातो. तीस किलोची दोन पोती घेतली की पावसाळा निघतो.

पहिल्या वर्षी मी साठ किलो लोकवन आणला, गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिलं आणि दुपारी चारला, धान्य हाताला चटके देत असताना, कोठीत भरून झाकण लावलं. वेळ वाचवला. आषाढात कोठी उघडली तर सोंडेच सोंडे, आणि कडेचा गहू कुबट. गरम धान्य बंद केलं की आत वाफ धरते, धान्याला घाम सुटतो, आणि दमट धान्य म्हणजे किड्यांना आमंत्रण. ऊन दिल्यावर धान्य सावलीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, रात्र गेली तरी चालेल, मगच भरा. कोठी आधी पुसून वाळवा, थराथरात कडुनिंबाचा खडखडीत वाळलेला पाला घाला. ओला नको, तोही घाम आणतो. जुना उरलेला गहू नव्यात मिसळायचा नाही. एक मूठ किडकी पूर्ण पोतं खाते.

तांदळाचं उलट आहे. त्याला कडक ऊन दाखवलं तर दाणा तडकतो आणि भाताची कणी होते. सावलीतच पसरा. तूरडाळीला हात एरंडेलाने माखून चोळायची पद्धत अजूनही उत्तम. शिजवायच्या आधी कोमट पाण्यात धुतली की तेल निघतं. बोरिक पावडर मात्र मी बंद केली. खायच्या वस्तूला ती नकोच.

आणि पोरकिडे झालेच तर? फेकू नका, घाबरूही नका. चाळा, कडक उन्हात पातळ पसरा, किडे स्वतःच चालते होतात. मग गार करून लगेच दळून आणा आणि ते पीठ आधी संपवा. कुबट वास किंवा बुरशी असेल तर मात्र काटकसर गुंडाळून ठेवा. रवा, मैदा, बेसन यांना पावसाळ्यात जाळ्या धरतात, ते साठवायच्या भानगडीत पडू नका. रवा भाजून ठेवला तर टिकतो.

कांद्याची चूक मी दोनदा केली. डिसेंबरात लाल कांदा पडत्या भावात दिसला म्हणून पोतं आणलं. महिनाभरात निम्म्याला कोंब आणि उरलेल्याला वास. लाल कांदा साठवणीचा नसतोच. साठवायचा तो एप्रिल-मेचा उन्हाळ कांदा: मान बारीक आणि वाळलेली, पापुद्रा घट्ट. हवेशीर जागी जाळीत किंवा टोपलीत पसरून ठेवला तर चार-पाच महिने जातो. बटाट्यांच्या शेजारी ठेवू नका.

पोतं एकट्याला जास्त होत असेल तर वाटून घ्या. आमच्या जिन्यातली तीन घरं मिळून घेतो. ही कल्पना काही नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवून माल वाटत आली आहे. तिथे यादी आधी द्यावी लागते, आणि दुकानात फिरता फिरता ‘हेही घेऊ’ होतं ते आपोआप टळतं.

किरकोळ, पण रोजच्या

भाजी स्वस्त म्हणून दोन जुड्या कोथिंबीर घेतली आणि एक फ्रिजमध्ये काळी पडली, तर तुम्ही ती दुप्पट भावानेच घेतली. फ्लॉवरचे देठ, दोडक्याच्या शिरा, दुधीच्या साली यांची भाजी-चटणी करणाऱ्या घरात पिशवी हलकी लागते. आमच्याकडे गुरुवारी काही आणायचं नाही असा नियम आहे. फ्रिजमधलं संपवायचं. कुस्करा, फोडणीचा भात, नाहीतर सगळ्याचं मिळून थालीपीठ. मुलं नाकं मुरडतात आणि दोन खातात.

‘एकावर एक’ मोफत असेल तर आधी तारीख बघा. ‘बेस्ट बिफोर’ उलटली म्हणजे चव-कुरकुरीतपणा कमी होतो, पण ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटली तर खायचं नाही. फळीवर पुढे जुना माल असतो, हात मागे घाला.

बिल काउंटर सोडायच्या आत तपासा. एका दुकानात फळीवरच्या चिठ्ठीवर तुपाचा भाव ५९० आणि बिलात ६४०. ‘सिस्टिममध्ये अपडेट नाही’ म्हणाले, पन्नास परत दिले. घरी पोचून फोन केला असता तर मिळाले नसते. एमआरपीपेक्षा जास्त लावलं आणि ऐकत नसतील तर बिल जपून ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

हे लिहीत असतानाच मोबाइलवर संदेश आला: ‘तुमचा ७५ रुपयांचा कॅशबॅक आज रात्री संपतोय.’ उठून कपाट उघडलं. साबणाच्या नऊ वड्या, टूथपेस्ट तीन, मीठ चार किलो. संदेश पुसून टाकला.