पुढच्या गाडीपासून तीन सेकंद: अंतर मोजायचं कसं आणि टिकवायचं कसं

"सावकाश जा" हे निघताना ऐकायला बरं वाटतं, पण स्टेअरिंगवर बसलेल्याच्या हाताला त्यातून काही लागत नाही. सावकाश म्हणजे किती? "लक्ष ठेवून चालवा" याचंही तेच. धडक टळते ती जागेमुळे. गाडी थांबायला जेवढा रस्ता लागतो तेवढा आधीपासून मोकळा असला, तर चूक पुढच्याची असो की तुमची, ती निभावते. ही जागा मोजता येते आणि थोड्या सरावाने टिकवताही येते. बाकीच्या गोष्टी मी भराभर उरकणार आहे.

निघण्याआधी

आरसे, काचा, दिवे हे तुम्ही बघताच असं धरतो. तीन गोष्टी मात्र सर्रास चुकलेल्या दिसतात. सीटबेल्टच्या पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून नको, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. आणि मागे बसलेल्यांनीही तो लावायचा, नाहीतर धडकेत त्यांचं पूर्ण वजन पुढच्या सीटवर येऊन आदळतं. हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या टोकापर्यंत हवं. मानेशी ठेवलेला हेडरेस्ट मागून ठोकर बसल्यावर मानेला अपायच करतो. टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा हवेची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

दारू घेतली असेल तर पुढचं वाचूच नका, गाडी दुसऱ्याला द्या.

आधी हिशेब

पुढे काहीतरी घडलंय हे दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पळतच असते. ताशी ६० किलोमीटरला २५ मीटर, ८० ला ३३ मीटर, १०० ला ४२ मीटर. त्यानंतर ब्रेक लागतात. कोरडा रस्ता, धड टायर आणि पूर्ण दाबलेला ब्रेक असं धरलं तर ६० ला आणखी २० मीटर, ८० ला ३५, १०० ला ५५. म्हणजे शंभरच्या वेगात थांबायला जवळपास ९७ मीटर लागतात. इतक्या अंतरावरच्या ओळखीच्या माणसाचा चेहराही नीट ओळखू येत नाही.

वेग थोडासा वाढला की काय होतं, तेही याच हिशेबात दिसतं. दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक ५० ने, दुसरी ६० ने. समोर अचानक कोणी आलं, दोघांनी एकाच क्षणी ब्रेक मारला. पन्नासची गाडी त्याच्या अगदी पुढ्यात थांबली, तर साठची गाडी त्याच जागी अजून ताशी ४३ किलोमीटरने धावत असेल. तिचा बहुतेक वेळ ब्रेक लागायच्या आधीच संपलेला असतो. एरवी "दहानेच तर जास्त होता" म्हणतो, ते दहा हे असे.

मोजायचं कसं

अंतर मीटरमध्ये मोजायच्या फंदात पडू नका. चालत्या गाडीतून मीटरचा अंदाज कुणालाच येत नाही आणि वेग बदलला की तो आकडाही निकामी होतो. ४० च्या वेगात १५ मीटर बऱ्यापैकी वाटतात. १०० ला पोहोचल्यावर डोळ्यांना तेच १५ मीटर पूर्वीइतकेच दिसतात, पण आता ती जेमतेम अर्ध्या सेकंदाची जागा असते. म्हणून मोजायचं सेकंदांत. वेग वाढला की सेकंदांतलं अंतर आपोआप लांबतं, वेगळा हिशेब लागत नाही.

रस्त्याच्या कडेची न हलणारी एखादी खूण धरा: खांब, पाटी, पुलाची सावली, डांबराचं ठिगळ. पुढच्या गाडीचा मागचा बंपर त्या खुणेवरून गेला की मोजायला लागा, "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन." तीन पूर्ण व्हायच्या आत तुमचं बॉनेट खुणेवर पोहोचलं तर तुम्ही जवळ आहात. मोजणी आधी घरी सेकंदकाट्यावर घासूनपुसून घ्या. घाईतला माणूस तीन सेकंद दीडमध्ये मोजून मोकळा होतो आणि स्वतःला शाबासकीही देतो.

दोन सेकंद पुरतात असं पुष्कळ ठिकाणी सांगितलेलं असतं. ते अगदी कमीत कमी आहे: कोरडा रस्ता, दिवसाउजेड, ताजा ड्रायव्हर. त्यातला दीड सेकंद पाय उचलण्यातच जातो, उरला अर्धा. पुढचा कसा थांबेल, तुमचे ब्रेक त्याच्याइतके चांगले आहेत का, हे सगळं त्या अर्ध्यात बसवायचं. तीनपेक्षा कमी मी तरी कुणाला सांगणार नाही.

"पुढच्याचे ब्रेकलाइट लागले की मी पण मारतो" हा युक्तिवाद नेहमीचा. यात गृहीत असं, की पुढचा ब्रेक मारून थांबेल. तो उभ्या ट्रकवर आदळून थांबला तर? त्याला ब्रेकचे ५५ मीटर लागत नाहीत, तो जागच्या जागी थांबतो. दहा-दहा गाड्या एकमेकींत घुसतात त्या याच हिशेबामुळे.

टिकवायचं कसं: इथे सगळे हरतात

मोजणं एका दिवसात जमतं. ते टिकवणं महिनाभर जमत नाही, आणि त्याचं कारण गाडीत कमी, डोक्यात जास्त असतं. तुम्ही तीन सेकंदांची जागा सोडली की बाजूच्या रांगेतला त्यात घुसतो. तुम्ही चिडता. मागे सरून पुन्हा जागा करता, तोवर दुसरा घुसतो. चौथ्या वेळी तुम्ही पुढच्याला चिकटता, "आता घुस बघू." इथे सगळं मुसळ केरात.

यावर इलाज आकड्यांचा आहे. एक गाडी मध्ये आल्याने तुम्ही फार तर तीन सेकंद मागे पडता. तासाभरात वीस जण घुसले तरी तुमचं नुकसान एक मिनिट. घुसलेले बरेचसे पुढच्या फाट्याला वळून जातात, म्हणजे तेवढंही नाही. हा हिशेब एकदा मनात पक्का बसला की घुसणारा दुष्मन वाटत नाही. तो वाटतच राहिला तर अंतराचा प्रश्न पुढे राहू द्या, आधी स्वतःच्या रागाकडे बघा.

जागा परत मिळवताना ब्रेक मारू नका. मागचा तुमच्या लाल दिव्याने दचकतो, तो ब्रेक मारतो, त्याच्या मागचा आणखी जोरात. ॲक्सिलरेटरवरचा पाय फक्त सैल करा. तुम्ही ८० ने चाललाय आणि मध्ये आलेल्याने अंतर दीड सेकंदावर आणलंय असं धरा. त्याच्यापेक्षा ताशी ५ किलोमीटर कमी वेग पंचवीसेक सेकंद ठेवला की पुन्हा तीन सेकंद होतात. मागच्याला पत्ताही लागत नाही.

मागचा चिकटला, डिपर मारतोय, तर तुमची पहिली ऊर्मी पुढे सरकायची असते. करायचं उलट: पुढचं अंतर चार-पाच सेकंदांवर न्या. आता पुढे काही झालं तर तुम्ही हळूहळू थांबू शकता आणि मागच्याला थांबायला वेळ मिळतो. त्याच्या वाटणीचं अंतर तुम्हीच राखायचं, हे अन्यायाचं आहे खरं, पण तो ठोकेल ती डिकी तुमची असते. त्याला धडा शिकवायला ब्रेकला टिचकी मारणं हा निव्वळ मूर्खपणा. वाट मिळताच त्याला जाऊ द्या.

सराव रोजच्या रस्त्याच्या एकाच तुकड्यावर करा, पाच मिनिटांचा. तेवढ्यात दहा वेळा मोठ्याने मोजायचं, रेडिओ बंद. संपूर्ण प्रवासभर मोजायचा निश्चय तिसऱ्या दिवशी बारगळतो. दोनतीन आठवड्यांनी मोजायच्या आधीच पाय सैल होऊ लागतो. तेव्हा जमलं म्हणायचं.

गाडीत आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल असेल तर त्याचं सर्वांत लांबचं अंतर निवडा. लोक घुसतात म्हणून बहुतेकांनी ते सर्वांत जवळचं ठेवलेलं असतं. आणि रस्त्यात आधीच उभी असलेली गाडी अशा कित्येक यंत्रणांना मोठ्या वेगात ओळखता येत नाही, तेव्हा पाय ब्रेकजवळच.

तीन सेकंद कुठे पुरत नाहीत

ओल्या रस्त्यावर सहा. शंभरच्या वेगात ब्रेकचे ५५ मीटर ९० च्याही वर जाऊ शकतात, आणि बऱ्याच दिवसांनी आलेल्या पावसाच्या पहिल्या सरीत तेल आणि धुळीचा राप निसरडा होतो तेव्हा तर जास्तच. स्टेअरिंग अचानक हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगताहेत असं समजा. पाय उचला, चाक सरळ धरा, ब्रेक नको.

पुढे ट्रक असेल तर त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. मागे सरलात तरच रस्ता उलगडतो. पुढे दुचाकी असेल तर ती घसरून पडली तरी थांबता येईल इतकी जागा हवी. सिग्नलला किंवा कोंडीत थांबताना पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत. म्हणजे ती बंद पडली तरी बाजूने निघता येतं.

उभ्या गाडीबद्दल वेगळी ताकीद. वस्तू डोळ्यात दुप्पट मोठी दिसायला अंतर निम्मं व्हावं लागतं. ४०० मीटरवरून २०० वर येताना ती जेवढ्या पटीने वाढते तेवढ्याच पटीने ५० वरून २५ वर येताना, फक्त आता आठपट कमी वेळात. म्हणून लांबची उभी गाडी बराच वेळ जवळ येतेय असं वाटतच नाही आणि मग एकदम काचभर होते. दूर कुठे दिवे लुकलुकताना दिसले की लगेच पाय सैल.

ब्रेक मारायचाच झाला तर

पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत पॅडल पायाखाली थरथरतं, खडखडतं. काही बिघडलं समजून लोक पाय उचलतात आणि थांबायची शक्यता तिथेच घालवतात. थरथर म्हणजे यंत्रणा काम करतेय. पाय तसाच ठेवून स्टेअरिंग वळवता येतं. एबीएस नसेल आणि चाकं लॉक झाली तर क्षणभर ढील देऊन पुन्हा दाबा. मोकळ्या मैदानावर ३०-४० च्या वेगात हे एकदा करून बघा, कारण तो आवाज पहिल्यांदा ऐकायची वेळ खऱ्या प्रसंगी येऊ नये.

फोन: ६० च्या वेगात दोन सेकंद खाली बघणं म्हणजे ३३ मीटर आंधळे. झोप: शंभरला तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ८३ मीटर. काच उघडणं, गाणी मोठी करणं याने झोप जात नाही. कॉफी घ्या, सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं झोपा. उठाल तोवर कॉफी लागू पडू लागलेली असते.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार

रस्त्यावर बळी गेलेल्यांचा जागतिक स्मरणदिन दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या रोडपीस या संस्थेने तो सुरू केला, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर जीव गमावतात, आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. हा आकडा एकदाच सांगावा आणि बाजूला ठेवावा. सभेत लोक ऐकतात ते नाव, वय, आणि तो माणूस कुठे निघाला होता ते.

कार्यक्रम करणार असाल तर नाव वाचायच्या आधी घरच्यांना विचारा: नाव कसं घ्यायचं, फोटो कुठला लावायचा. चुरडलेल्या गाडीचा फोटो कधीही नको. ज्याचा खटला चालू आहे त्या ड्रायव्हरचं नाव घेऊ नका. "अपघात" हा शब्दही जपून वापरा. जिथे कुणी दामटून चालवत होतं तिथे तो घरच्यांना टोचतो, "धडक" म्हणणं बरं. वाचलेले, जायबंदी झालेले आणि मदतीला धावलेलेही या दिवसात मोडतात.

घटनेच्या जागी फुलं ठेवायची तर दिवसाउजेडी, थोड्या माणसांनी. गाड्या रस्त्यापासून आत आणि लांब लावा, चकाकत्या पट्ट्यांची जाकिटं घाला, एकाने येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून नुसतं लक्ष ठेवायचं. वळणाच्या आतल्या बाजूला काहीही मांडू नका, तिथेच नजर अडते.

आलाच आहात तर टेप घेऊन या. ड्रायव्हरला ती जागा किती अंतरावरून पहिल्यांदा दिसते ते मोजा. तिथे गाड्या ८० ने येत असतील तर थांबायला ६८ मीटर लागतात. झुडूप किंवा फलकामुळे पादचारी ४० मीटरवरच दिसत असेल, तर कितीही दक्ष ड्रायव्हर तिथे थांबू शकत नाही. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना हेच दोन आकडे लिहून द्या, सोबत फोटो जोडा. तो फोटो उभ्याने काढू नका, जमिनीपासून साधारण १.१ मीटरवरून काढा. उभ्या माणसाला झुडपावरून जे दिसतं ते गाडीत बसलेल्याला दिसत नाही.