गेम लेव्हलसाठी दारं-खिडक्या बनवायच्यात? आधी भोक बनवा

नवीन माणूस ब्लेंडर (थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून पहिलं काय बनवतो, तर दाराची मूठ. मी पण तेच केलं होतं, दोन संध्याकाळी नुसत्या मुठीवर घालवल्या, मग गेम इंजिनच्या एडिटरमध्ये नेलं तर दार भिंतीत बसेना, एका बाजूला चार सेंटीमीटरची फट. तर खरी बनवायची वस्तू म्हणजे भिंतीतलं भोक. त्याचं माप एकदा पक्कं झालं की त्यात लाकडी दार टाका, लोखंडी टाका, काचेचं टाका, सगळं आपोआप बसतं.

मापाचं आधी बघू. अनरियल, युनिटी आणि गोडो ही गेम बनवायची इंजिनं. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटीमीटर, युनिटी आणि गोडोमध्ये एक मीटर. ब्लेंडर पण मीटरमध्येच चालतो, एक्सपोर्ट करताना एवढं लक्षात ठेवा, नाहीतर दार काडीपेटीएवढं येतं. खऱ्या घरातलं दार साधारण ९० बाय २१० सेंटीमीटरचं असतं, पण ते माप गेममध्ये जसंच्या तसं घेऊ नका. युनिटीच्या कॅरेक्टर कंट्रोलरचा (हिरोला चालवणाऱ्या कॅप्सूलचा) डिफॉल्ट रेडियस ०.५ असतो, म्हणजे तुमचा हिरो एक मीटर रुंद, तो ९० च्या दारातून जाणारच नाही, आणि थर्ड पर्सन (कॅमेरा हिरोच्या मागे) असेल तर कॅमेरा पण चौकटीत अडकतो. रेडियस ०.३ च्या आसपास आणा आणि दार पण ऐसपैस ठेवा. मी वापरतो ते असं, सगळं सेंटीमीटरमध्ये: भिंतीचा पीस ४०० रुंद, ३०० उंच, २० जाड. दाराचं भोक १२० बाय २२०. खिडकीचं भोक १२० बाय १२०, जमिनीपासून १०० वर. म्हणजे खिडकीचा माथा पण २२० वरच येतो, दाराच्या लेव्हलला, आणि खोली बघताना डोळ्याला खटकत नाही. सगळी मापं १० च्या पटीत आहेत कारण एडिटरमध्ये स्नॅप (वस्तू ठरावीक अंतरानीच सरकणं) १० वर ठेवला की काम संपलं.

आता भोक पाडायचं. बुलियनच्या (एका आकारानी दुसरा कापायच्या) नादाला लागू नका, एवढ्याशा कामासाठी उगाच घाण टोपॉलॉजी, म्हणजे पृष्ठभागाच्या तुकड्यांची (फेसची) वेडीवाकडी जाळी मिळते. भिंतीच्या बॉक्सला कंट्रोल+आर नी लूप कट (बॉक्सभोवती फिरणारे काप) मारा, उभे दोन, आणि आडवे दारासाठी एक, खिडकीसाठी दोन. खिडकीला पुढचा आणि मागचा फेस सिलेक्ट करून ब्रिज करा (एकमेकांना जोडा), बोगदा तयार. दाराला पुढचा, मागचा आणि जमिनीकडचा फेस उडवा आणि आतल्या तीन बाजू भरून घ्या. भिंतीचा ओरिजिन (ज्या बिंदूवरून वस्तू ठेवली आणि फिरवली जाते तो) खालच्या कोपऱ्यात ठेवा, आणि सगळ्या भिंतींचा एकाच कोपऱ्यात, म्हणजे साधी भिंत काढून तिथे दाराची भिंत टाकली तरी काही हलत नाही. यूव्ही (टेक्स्चरचं चित्र पृष्ठभागावर कसं पसरतं ते) पण सगळ्या पीसना एकाच स्केलनी करा, नाहीतर विटांच्या ओळी जोडावर तुटतात आणि ते लांबूनही दिसतं.

चौकट वेगळा मेश (थ्रीडी आकार). जाडी भिंतीपेक्षा जास्त, मी २४ घेतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर बाहेर येते. बरोबर २० ठेवलीत तर चौकटीचा आणि भिंतीचा फेस एकाच जागी येतो आणि कॅमेरा हलला की दोन्ही टेक्स्चर एकमेकात लुकलुकायला लागतात. चौकटीची बाहेरची कड पण भिंतीत एखादा सेंटीमीटर घुसू द्या, त्यानी कुणाचं काही बिघडत नाही आणि फटीतून उजेड येत नाही.

मग पल्ला, म्हणजे दाराचा उघडणारा भाग, आणि इथे बहुतेकांची चूक होते. ओरिजिन पल्ल्याच्या मधोमध राहिला तर दार उघडताना भिंगरीसारखं स्वतःभोवती फिरतं. ओरिजिन बिजागरीवर पाहिजे. एडिट मोडमध्ये बिजागरीकडच्या उभ्या कडा सिलेक्ट करा, शिफ्ट+एस करून थ्रीडी कर्सर तिथे आणा, ऑब्जेक्ट मोडमध्ये येऊन सेट ओरिजिनमधून ओरिजिन टू थ्रीडी कर्सर. मग ऑब्जेक्ट वर्ल्डच्या शून्यावर नेऊन ठेवा आणि कंट्रोल+ए नी रोटेशन-स्केल अप्लाय करूनच एक्सपोर्ट करा. चौकट पाच-पाच सेंटीमीटरची धरली तर आत ११० उरतात, पल्ला १०९ चा करा, फिरायला जागा राहते.

ओरिजिन बिजागरीवरच, पण जाडीच्या हिशोबानी मध्यावर ठेवायचा एक फायदा आहे. दोन पल्ल्यांचं दार हवं असेल तर अर्ध्या रुंदीचा एकच पल्ला बनवा आणि दुसऱ्या बाजूला तोच १८० अंश फिरवून लावा, दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे एवढीच अट. उणे स्केल देऊन मिरर करत बसू नका, नॉर्मल्स (फेसचं तोंड कुठल्या बाजूला ते) आणि कोलिजन (धडकेसाठीचा अदृश्य आकार) दोन्ही कधी दगा देतील सांगता येत नाही. तोटा एवढाच की चार सेंटीमीटर जाड पल्ला ९० अंश उघडला की दोन सेंटीमीटर चौकटीत घुसतो, पण चौकट पाचची आहे, कुणाला दिसतंय.

कोलिजनबद्दल आता, कारण इथे मी अख्खी दुपार घालवलीय. दार उघडं दिसतंय, पलीकडची खोली दिसतेय, आणि हिरो हवेत डोकं आपटतोय. अनरियल इम्पोर्ट करताना स्वतःहून साधं कोलिजन बनवतं आणि त्यात भोक बुजून जातं, कारण कॉन्व्हेक्स (कुठेही खड्डा नसलेल्या) आकाराला भोक असूच शकत नाही. म्हणून स्वतः बॉक्स बनवा: दाराच्या भिंतीला तीन, डावा, उजवा आणि वरचा, खिडकीच्या भिंतीला खालचा धरून चार. ब्लेंडरमध्ये त्यांची नावं यूसीएक्स (UCX) अंडरस्कोर, मग मेशचं नेमकं नाव, मग अंडरस्कोर ०१, ०२ अशी द्या, अनरियल बरोबर ओळखतं. युनिटीत सरळ बॉक्स कोलायडर लावा. उंबरठा केला असेल तर त्याला कोलिजनच देऊ नका, दिसायला असू दे, उगाच पाय अडकायला नको.

काच हा वेगळा मटेरियल स्लॉट, आणि जमलं तर वेगळा मेशच, कारण उद्या कुणी सांगेल गोळी लागून काच फुटली पाहिजे. तावदानाला जाडी द्यायची गरज नाही, एक प्लेन आणि टू-साइडेड मटेरियल पुरतं. गज हवे असतील तर सहा बाजूंचे सिलिंडर करा, लेव्हलमध्ये २० खिडक्या आल्या की ३२ बाजूंच्या गजांचा हिशोब कळतो.

एवढं झालं की राखाडी मटेरियलमध्येच एक खोली उभी करा, एक दार, दोन खिडक्या, आणि प्ले दाबून दारातून दहा वेळा तिरकं पळत जा. सरळ गेलं तर सगळंच चालतं, तिरकं गेल्यावर कळतं कुठे अडकतंय. अडकलं नाही तर मग बसा मूठ बनवत.