केव्हीएममधल्या लॉकचा उलटा क्रम: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

लिनक्स कर्नलच्या केव्हीएममधला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा भाग) लॉकिंगचा बग, म्हणजे एका वेळी एकालाच माहितीला हात लावू देणाऱ्या कुलपांचा घोळ, हातात आला की नवखा माणूस आधी कोड वाचत बसतो. माझं ऐकाल तर आधी लॉकडेप (लॉक कुठल्या क्रमाने घेतली जातात यावर नजर ठेवणारा कर्नलचाच तपासनीस) चालू करून कर्नल बिल्ड करा. दोन वाटांनी एकमेकींची लॉक अडवून मशीन खरोखर अडकण्याची वाट बघावी लागत नाही. कोडच्या एका वाटेने लॉक अ मग ब, दुसऱ्या वाटेने ब मग अ, असं वेगवेगळ्या वेळी घडलं तरी तो बोंब मारतो. मात्र पहिल्या बोंबेनंतर तो गप्प होतो, त्यामुळे पुढच्या तपासणीआधी रीबूट हवाच.

माझा पहिला बग असाच होता. दस्तऐवजात नियम स्पष्ट आहे: आख्ख्या व्हीएमचं लॉक बाहेर, म्हणजे आधी घ्यायचं; व्हीसीपीयूचं (व्हीएममधल्या आभासी सीपीयूचं) म्यूटेक्स, म्हणजे त्याचं स्वतःचं लॉक, त्याच्या आत. पण गेस्ट (व्हीएमच्या आत चालणारी सिस्टीम) चालू असताना व्हीसीपीयूचं म्यूटेक्स आधीच धरलेलं असतं. तिथून गेस्टच्या विनंतीवर बाहेर पडलेला कोड व्हीएमचं लॉक मागायला गेला की क्रम उलटा झालाच.

मार्ग सापडला तो जुन्या दुरुस्त्या वाचून. आर्म ६४ प्रोसेसरसाठीच्या केव्हीएममध्ये हाच क्रम अगदी सुरुवातीपासून उलटा होता आणि तो सुधारला गेला २०२३ मध्ये. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? इंटरप्ट कंट्रोलर तयार करणारा कोड व्हीएमचं लॉक धरून सगळी व्हीसीपीयू म्यूटेक्स घ्यायचा, पण ट्रायलॉकने. लॉक मोकळं नसेल तर ट्रायलॉक वाट बघत नाही, म्हणून लॉकडेप त्यातून क्रम शिकत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनी मोठं लॉक नुसतं इकडचं तिकडे हलवलं नाही. ते नेमकी कुठली माहिती राखतंय हे पाहून त्यांनी व्हीसीपीयूच्या म्यूटेक्सच्या आत घेता येणारं वेगळं, छोटं लॉक आणलं. शिवाय व्हीसीपीयू तयार होतानाच ही लॉक योग्य क्रमाने एकदा घेऊन सोडली, फक्त लॉकडेपला शिकवण्यासाठी. मला ही युक्ती फार आवडली.

म्हणून लॉक हलवण्याआधी ते राखत असलेलं एकेक फील्ड (माहितीचा कप्पा) कागदावर लिहा आणि ते आणखी कोण लिहितं तेही शोधा. कंटाळवाणं काम आहे, पण बग आणणारा मूळ पॅच (कोडमधला बदल) लिहिणाऱ्याने हेच केलेलं नसतं.

पॅचच्या संदेशात लॉकडेपचा आख्खा रिपोर्ट चिकटवू नका. दोन्ही वाटांचे कॉल ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी) ठेवा, टाइमस्टॅम्प काढा आणि बग आणणाऱ्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) उल्लेख हॅशच्या, म्हणजे त्याच्या ओळखचिन्हाच्या, किमान पहिल्या १२ अक्षरांसह 'फिक्सेस' ओळीत करा.