उजाड माळ पुन्हा गवताखाली आणताना

माळ उघडा पडला की बियाण्याची पोती आणि नांगर घेऊन निघायची घाई होते. तसं करू नका. आधी एक पावसाळा माळ नुसता राखा: चराई बंद, वणवा बंद. दख्खनच्या मुरमाड माळांवर पवना, डोंगरी, मारवेल या गवतांचे ठोंब बरेचदा जिवंत असतात. सतत खुडले गेल्यामुळे त्यांना वर यायला उसंत मिळत नाही, एवढंच. गायरान असेल तर सगळं एकदम बंद केलंत तर कुंपण टिकणार नाही. मेंढपाळांशी बोलून तीन भाग पाडा आणि एका वेळी एकच राखा.

सप्टेंबरअखेर गवतं तुऱ्यावर आली की ओळखू येतात. काठ्यांची एक मीटर चौरस चौकट करून ती वीस-पंचवीस ठिकाणी टाका आणि आतले बहुवार्षिक ठोंब मोजा. सरासरी दोन किंवा जास्त भरले तर बी टाकायची गरज नाही, राखण पुढे चालू ठेवा. कुसळी हे गवतच जास्त दिसलं तर माळ अर्धा खालावला आहे. वारंवार वणवा लागणाऱ्या माळावर ती माजते, कारण तिचं पीळदार कुसळ बी मातीत घुसवतं आणि ते आगीतून वाचतं. चौकटीत नुसता तरोटा आणि एका पावसाचं बारीक गवत असेल, तरच पेरणीचा विचार करा.

तण काढण्याचा एकच नियम: मागे गवत लावता येईल एवढंच काढा. मोकळी झालेली जागा गाजर गवत आधी धरतं. म्हणूनच नांगरटही नको, तिने मातीत दडलेलं तणाचं बी वर येतं. ग्लायफोसेट हे तणनाशक तर गवतालाही मारतं.

घाणेरी वरून छाटली की दुप्पट फुटते, कारण नवे फुटवे खोड आणि मूळ जुळतात तिथून येतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांची पद्धत सोपी आहे. कुदळीने बुडाची माती सरकवा, मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडा आणि झुडूप तिथेच उलटं करून वाळू द्या. मुळं वर राहिली की ते पुन्हा रुजत नाही. फळं पिकण्याआधीच हे उरका. पुढची दोन-तीन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखाली रोपं शोधून उपटा. वेडी बाभूळ मात्र जास्त खोल खणावी लागते, वीस ते तीस सेंटिमीटर.

गाजर गवत फुलाआधी, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, त्वचेला आणि श्वासाला त्याचा त्रास होतो. एका झाडाला हजारोंनी बी येतं, त्यामुळे फुललेली झाडं खतात टाकू नका. पानं खाणारे पट्टेरी भुंगे दिसले तर ते 1984 मध्ये भारतात मुद्दाम सोडलेले झायगोग्रामा आहेत. त्यांना राहू द्या.

बी जवळच्याच चांगल्या माळावरून, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करा. तुरा चिमटीत धरून हलकं ओढा: सहज सुटलं तर पिकलं, हिसका द्यावा लागला तर थांबा. मारवेल एकदम पिकत नाही, दोन-तीन फेऱ्या लागतात. थोडं बी तळहातावर चोळून पाहा. आत कठीण दाणा लागत नसेल तर तो निव्वळ भुसा आहे, आणि पेरण्या फसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. ताजं बी सुप्त असतं, म्हणून कापडी पिशवीत कोरडं ठेवा, जूनपर्यंत ते तयार होतं. मेमध्ये शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा.

हेक्टरी चार ते सहा किलो बी लागतं. सुटं टाकलं तर वारा उडवतो, मुंग्या नेतात. वजनाने एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग पोयटा आणि एक भाग वाळू कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. पावसाच्या तोंडावर टिकावाने उताराला आडव्या उथळ रेघा ओढून, अर्ध्या मीटरवर एकेक गोळी टाका. वर एक सेंटिमीटरहून जास्त माती नको, खोल गेलेलं बी वर येत नाही. मारवेल ठोंबांनी लवकर धरतं. जुलैतल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन फुटव्यांचा ठोंब, पानं छाटून, 50 बाय 50 सेंटिमीटरवर लावा. हेक्टरी 40 हजार ठोंब लागतात, म्हणून आधी तणमुक्त केलेल्या तुकड्यांपुरतेच लावा.

पहिल्या वर्षी कापणीही नको. दुसऱ्या वर्षी बी गळल्यावर, जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवून विळ्याने कापा. कुसळी त्याआधीच, कुसळं पक्व होण्यापूर्वी कापा, नंतर ती जनावरांच्या तोंडात रुततात. तिसऱ्या वर्षापासून थोडी गुरं सोडा आणि निम्मं गवत संपलं की बाहेर काढा. वेडी बाभळीच्या शेंगा खाल्लेली गुरं मात्र आठवडाभर वेगळी बांधा, त्यांच्या शेणातूनच ती बाभूळ माळावर परत येते.