गोवराच्या लसीवरून घरात वाद झाला तर काय करायचं

आमच्याकडं अशोक चौकाच्या बाजूला विड्या वळायला बायका एकत्र बसल्या की सगळे विषय निघतात. परवा लसीचा निघाला आणि दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणते द्या, एक म्हणते कशाला टोचायलाव लेकराला. म्हणून हे लिहितेय, कारण भांडून कुणी लस देत नाही हे मी स्वतःच्या घरात बघितलंय.

आधी समोरच्याला विचारा, नक्की भीती कशाची वाटते? प्रत्येकाची वेगळी असते बघा. आमच्या सासूबाईंचं म्हणणं, गोवर एकदा निघालेलाच बरा, अंगातली उष्णता बाहेर पडते. त्यांना मी शांतपणे सांगितलं की आत्या, पुरळ जातं पण गोवरानं न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, आणि आधी झालेल्या आजारांशी लढायची जी ताकद अंगात साठलेली असते तीच गोवर पुसून टाकतो, मग महिनोन्‌महिने लेकरू सारखं आजारी. हे त्यांना पटलं, कारण त्यांच्या माहेरी असं लेकरू त्यांनी बघितलं होतं. लिंबाचा पाला बांधायचा, देवीचं करायचं तर करू द्या, त्यावरून वाद घालू नका.

दिरानं व्हॉट्सॅप दाखवलं, लसीनं ऑटिझम (स्वमग्नता) होतो म्हणून. ते सगळं 1998 च्या डॉक्टरांच्या एका शोधनिबंधावरून सुरू झालं, त्यात मुलं फक्त 12, तो निबंध 2010 ला मागं घेतला आणि लिहिणाऱ्या वेकफिल्डचं डॉक्टरकीचं लायसन्सपण गेलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, काही संबंध निघाला नाही. एवढंच सांगा, दहा लिंका पाठवत बसू नका.

आता लेकराचं लसीचं कार्ड काढा. गोवर-रुबेलाचे (रुबेला म्हणजे पुरळाचाच दुसरा आजार, दोन्हींची लस एकच) रकाने दोन असतात, 9 ते 12 महिने आणि 16 ते 24 महिने. दुसरा रकाना लई घरांत रिकामा असतो, एकदा दिली की झालं असं वाटतं. पण नवव्या महिन्यातल्या डोसनं 100 पैकी साधारण 85 लेकरांनाच संरक्षण मिळतं, उरलेल्यांसाठी दुसरा असतो. वेळ चुकली तरी घाबरू नका, पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात देतात.

माझ्या पोरीच्या वेळी मला दोनदा परत पाठवलं, एका बाळासाठी लसीची बाटली फोडणार नाही म्हणे. तेव्हा रोज बुडवून गेलेली मी, रडू आलं होतं खरंच. आता मी सगळ्यांना सांगते, आशाताईंना आदल्या दिवशी विचारून घ्या, शेजारच्या अजून एक-दोघींना त्यांच्या लेकरांसकट सोबत घेऊन जा, सकाळीच जा. बाटली फोडल्यावर चार तासांतच वापरायची असते, सिस्टर तिच्यावर वेळ लिहितात, ती बघा, विचारायला लाजू नका. सुई नवीन पाहिजे. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा आणि तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

ताप लगेच नाही, बहुतेक करून 7 ते 12 दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळपण येतं, एक-दोन दिवसांत जातं. हे आधीच घरात सांगून ठेवा, नाहीतर त्या ताप आलेल्या दिवशीच सगळे तुमच्यावर ओरडतात.

आणि गोवर निघालाच तर दवाखान्यात न्या, अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागतात, आज एक आणि उद्या एक. पाणी, दूध चालू ठेवा. पुरळ आल्यापासून चार दिवस लेकराला बाकीच्या पोरांत सोडू नका, गोवरवालं लेकरू खोलीतून गेल्यावरसुद्धा दोन तास तिथल्या हवेतून लागण होते, आणि आमच्याकडं तर एका खोलीत सहा-सहा माणसं.

जावेनं गेल्या बुधवारी धाकट्याला दुसरा डोस दिला. येत्या बुधवारपासून ताप येऊ शकतो म्हणून मी तिला आजच सांगून ठेवलंय, रात्री कितीही वाजता हाक मार.